भिंतीवरचा बूट

इवलासा गं दिवा माझा, वात त्याची बोटभर,
आभाळीच्या बापा, तुझा हात धर वाऱ्यावर.

आई हे धुणं वाळत घालताना म्हणायची. आवाज बारीक, शेवटच्या शब्दावर जरासा चिरकणारा. एकदा लहानपणी त्याने विचारलं होतं, "आई, मोठा दिवा का नाही मागत?" ती म्हणाली होती, "आहे तो विझला नाही तरी पुष्कळ झालं, बाळा." तिला जाऊन कैक वर्षं लोटली, पण बुटाच्या तळाला चिकटवायचं सोल्यूशन लावून तो फुंकर मारायला लागला, की तो आवाज कानात हमखास उतरायचा.

तो बूट शिवणारा. चर्चच्या मंडळीत त्याला सावकाशराव म्हणत, कारण त्याचे बूटही सावकाश आणि प्रार्थनाही सावकाश. रविवारी उपासनेत लोक उठून खणखणीत साक्षी देत. कुणाचा ताप उतरलेला, कुणाची बदली टळलेली. हा मागच्या बाकावर टोपी कुरवाळत बसे. त्याच्याकडे सांगण्यासारखं एवढंच होतं, की लेकीचा डावा पाय जन्मापासून आखूड आहे आणि तिच्या डाव्या बुटाचा तळ तो स्वतः चढवतो. एकच जाड ठोकळा बसवला तर तो चालताना तडकतो. म्हणून चामड्याचे पातळ थर, एकावर एक. एक चिकटवायचा, वजनाखाली ठेवायचा, वाळू द्यायचा, मगच दुसरा. प्रत्येक थर दाबताना तो पुटपुटे, "एवढा धर रे, बापा." त्याची सगळी प्रार्थना तेवढीच.

मग एक पाहुणे प्रचारक आले. पांढराशुभ्र कोट, हातात माइक. त्यांनी पोरीला पुढे बोलावलं, डोक्यावर हात ठेवला आणि फर्मावलं, "काढ ते बूट." पोरीने बापाकडे एकदा पाहिलं, बूट काढले आणि अनवाणी दारापर्यंत चालत गेली. हॉल टाळ्यांनी दणाणला.

दुसऱ्या दिवशी ती घराच्या जिन्यात कोसळली. प्रचारक तोवर दुसऱ्या गावी पोचले होते. आणि डावा बूट? तो मंडळीच्या सेक्रेटरींनी हॉलच्या भिंतीवर टांगला होता. खाली पाटी: 'देवाची करणी'.

सावकाशराव बूट मागायला गेला, तर सेक्रेटरी हसून म्हणाले, "पडली? मग कुठंतरी विश्वास कमी पडला असणार. पोरीचा नाही हो, ती तर चालली. घरात बघा, कुणाचा कमी पडतोय."

घरात बघा. त्याची कानशिलं तापली. टोपी डोक्यावर घालून तो तसाच निघाला. राग फुटला तो घरी, बायकोपुढे.

"चामडं माझं, घाम माझा, पोर माझी. आणि करणी यांच्या भिंतीवर?"

"मग हे तिथं बोलायचं होतं," ती भांडी पुसत म्हणाली. "मला काय सांगता? मी टांगलाय का?"

खरं दुखणं पुढेच होतं. पोर नवा बूट करू देईना. तो माप घ्यायला बसला की पाय पोटाशी घेई.

"का पण?"

"नको म्हटलं ना, पप्पा."

भिंतीचा आधार घेत ती घरात फिरे. कंबर एका बाजूला कलायला लागली होती. असंच चालू राहिलं तर पाठीचा कणाच वाकडा होईल, असं डॉक्टरांनी बजावलं. त्याला वाटलं, पोर चमत्काराची वाट बघतेय. त्या वाटेवर तिला कुणी बसवलं, ते आठवलं की चामडं कापताना त्याची रापी वाकडी जाई.

तरी त्याने अंदाजानेच बूट करायला घेतला. पण आता थर दाबताना 'एवढा धर' जिभेवर येईना. भांडण येई. "तुझ्या नावाने माझी पोर पाडली, आणि तू गप्प? तुझ्याच घरात खोटं टांगलंय, दिसत नाही तुला? प्रार्थनेला डोळे आम्ही मिटायचे. तू कशाला मिटलेस?" अंगठे पांढरे पडेपर्यंत तो थर दाबत राही. सकाळी भांडे, दुपारी भांडे, दुकानाची फळी लावतानाही एखादा टोला हाणून घेई.

एका संध्याकाळी बायको दुकानाच्या दारात येऊन उभी राहिली. "कुणाशी भांडताय?"

त्याने मागे वळून पाहिलं. दुकानात गिऱ्हाईक नव्हतं.

"आहे एकजण," तो म्हणाला, आणि त्याचं त्यालाच नवल वाटलं. इतकी वर्षं मागच्या बाकावर बसून जे छातीठोक म्हणता आलं नव्हतं, ते रागाच्या भरात सहज निघून गेलं होतं. भांडायला समोर कुणीतरी लागतं. रोज भांडायचं तर घरातलंच माणूस लागतं.

रविवारी साक्षीची वेळ झाली आणि सावकाशराव उठला. माना वळल्या. तो माइककडे गेला नाही. स्टूल घेऊन भिंतीपाशी गेला, त्यावर चढला आणि बूट खिळ्यावरून उतरवला.

"अहो, काय करताय?" सेक्रेटरी धावले. "लोकांचा विश्वास आहे त्यावर."

"विश्वास लोकांचा असेल. माप माझ्या पोरीचं आहे."

"तुमचा विश्वासच लहान, म्हणून तर..."

"लहानच आहे. बोटभर. पण त्याने कुणाच्या लेकीला जिन्यात पाडलं नाही. तुमचा एवढा मोठा, तर त्याला दुसऱ्याच्या पायातला बूट कशाला लागतो टेकू म्हणून?"

कुणीतरी खुदकन हसलं. सेक्रेटरींनी घाईने पोरीकडे मोर्चा वळवला. "बेटा, तूच सांग. त्या दिवशी तू चाललीस की नाही?"

पोर बाक धरून उभी होती. सावकाशराव तिच्यापाशी आला. जुना बूट त्याने बाकाखाली सरकवला, पिशवीतून नवा काढला आणि तिच्यासमोर गुडघे टेकले. "नको असेल तर नको," तो म्हणाला. "का, ते आता विचारत नाही."

पोरीने डावा पाय पुढे केला.

"दुखत होतं," ती म्हणाली, सगळ्यांना ऐकू जाईल इतकं स्पष्ट. "पहिल्याच पावलाला दुखलं. पण मागून बायका कुजबुजत होत्या, बापाला विश्वास नाही म्हणून पोर लंगडी. मी चालले नसते तर सगळे तुम्हालाच बोलले असते, पप्पा. पडल्यावर पुन्हा बूट घातला असता तरी तुम्हालाच. म्हणून नको म्हणत होते. मला बूट हवाच होता."