सव्वातीनपर्यंत खोडा

डिम्पल जानेवारीत बर्फावर घसरली, हात मोडला. मार्चमध्ये घसरली, ओठ फाटला. जूनमध्ये डोळा काळानिळा झाला तेव्हाही बर्फावर घसरले म्हणाली. म्हटलं, कॅनडातल्या आमच्या मिसिसागात एकाच बाईला एवढा बर्फ मिळतो कुठून?

बर्फाचं नाव एल्टन. तिचा नवरा, आमच्या चर्चच्या पॅरिश कमिटीचा प्रेसिडेंट. रविवारी मिस्साला कोण आलं नाही त्याची लिस्ट ठेवणारा.

कॅनडाची दीडशे वर्षं म्हणून हॉलमध्ये नाटक ठरलं. माझ्या मुलीने, निकोलने लिहिलं, हिस्टरीच्या प्रोजेक्टवरून. अमेरिकेतलं जुनं प्युरिटन लोकांचं गाव. चर्च तेच सरकार. चर्चने मेंबर केलं तरच मत, प्रार्थना चुकवली की दंड, जास्त बोललं की खोड्यात मान. एल्टनला मॅजिस्ट्रेटच व्हायचं होतं. होऊ दे म्हटलं. मी शिपाई. खोडा मीच बेसमेंटमध्ये बनवला, दोन खांबांवर चांगल्या जाड फळ्या, मान आणि हात अडकवायला भोकं.

डिम्पलची बहीण दूर लव्हाल शहरात. तिकडची बस सव्वातीनला. एल्टन बायकोला एकटीला ग्रोसरीलाही सोडत नसे. निसटायला तिला फक्त पाऊण तास हवा होता.

अडीचला स्टेजवर मी त्याच्या कानात म्हटलं, साहेब, आधी तुम्ही मान घालून दाखवा, टाळ्या पडतील. त्याने हौसेने मान घातली, हात घातले. मी कुलूप लावलं आणि किल्ली तोंडात टाकली. लोक हसले.

मग निकोलने वाचलं. मॅसॅच्युसेट्स, सोळाशे एकेचाळीस. नवऱ्याने बायकोला मारायचं नाही, असा कायदा.

"ईव्हन दे हॅड अ लॉ, अंकल," ती म्हणाली.

एल्टनने डिम्पलची खुर्ची बघितली. रिकामी.

खोड्याचे खांब उपटून तो फळीसकट उठला. पहिल्या झटक्यात फळीचं टोक प्रॉम्प्ट देणाऱ्या ग्रेगरीच्या बरगडीत, दुसऱ्यात माझ्या थोबाडावर. दोन दात आणि किल्ली, रक्तासकट, बाहेर. मला हसू आवरेना. हसतोय म्हणून त्याने पोटात लाथा घातल्या. तिला जिवंत सोडणार नाही म्हणाला. चौघांनी त्याला पाडलं, तर एकाचा अंगठा हाडापर्यंत चावला.

किल्ली घसरत पहिल्या रांगेत गेली, त्याच्या आईच्या, बीआट्रिस आंटीच्या पायाशी. तिने उचलली. रुमालाने रक्त पुसलं. आता माझं हसू थांबलं. घड्याळात तीनला दहा कमी.

"आई, उघड," एल्टन म्हणाला.

आंटीने किल्ली पर्समध्ये टाकली, चेन ओढली, पर्स मांडीवर ठेवून बसली.

"सव्वातीन वाजू दे."

बसची वेळ तिला मी सांगितली नव्हती.