रिकामा ठोका

"काका, परत पडला का पहिला ठोका?" ड्रमवरची काठी हवेतच थांबवून चंद्रहासने विचारलं.

"पडला! अरे, ती जागा रिकामी सोडायची. रेगे संगीत तिथे श्वास घेतं," एव्हर्टन म्हणाला. 'काका' हा शब्द सोडला तर दोघांचं सगळं बोलणं इंग्रजीतच चाले.

चंद्रहासचं तरी काय चुकलं? पुण्याच्या ढोलपथकात वाढलेला गडी. समेवर हात आवरायचा म्हणजे आरतीत टाळी न वाजवण्यासारखंच. पण एव्हर्टनच्या बँडचा ड्रमर पर्थला गेला आणि सिडनीतल्या स्कोफिल्ड्सच्या जत्रेत त्याच्या जागी हाच शेजारी वाजवणार होता.

दोघे वाजवत होते त्या घरामागच्या लाकडी डेकवर अस्मिता चहा घेऊन आली आणि नवऱ्याला, चंद्रहासला, मराठीत म्हणाली, "बघ, न सांगता बूट काढतात काका. नाहीतर तुझे युनिव्हर्सिटीतले मेट्स!"

चंद्रहासने हे कौतुक काकांना हसत हसत सांगितलं. एव्हर्टनही हसला, पण त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं. बूट तो शिष्टाचार म्हणून काढत नव्हता. फळ्यांतून तळव्यांना जाणवणाऱ्या थरथरीवर तो वाजवत होता, कारण कान जवळजवळ गेले होते; बोलणं तो ओठांवरून ओळखायचा.

किंग्स्टनमध्ये जन्म, टोरांटोत सारी हयात. दिवसा बस धुवायच्या, शनिवारी तळघरातल्या नाचाला बास, म्हणजे जाड तारांची गिटार, वाजवायचा, बर्फातून स्पीकर ओढायचे. गाणारे नावारूपाला आले, हा त्यांच्या मागेच उभा राहिला. त्याचं त्याला कधी वाईट वाटलं नाही. बायको गेल्यावर मुलीने सिडनीला आणलं आणि इथेही त्याने बँड शोधलाच. कानांचं कळलं तर बँडमधली पोरं प्रेमानेच घरी बसवतील, या धास्तीने हल्ली त्याला घास गोड लागत नव्हता.

आठवडाभर घाम गाळून चंद्रहासने ठोका सोडायला शिकून घेतलं. शेवटच्या सरावात एकदाही चूक नाही.

जत्रेच्या दुपारी वारा सुटला. संयोजकांनी लाकडी स्टेज रद्द करून बँडला शेडखालच्या काँक्रीटवर उभं केलं. काँक्रीटमधून थरथर येणार नाही, हे एव्हर्टनला ठाऊक होतं. तरी त्याने बूट काढलेच. पायाखाली गार, मुकं दगडासारखं काहीतरी होतं.

गाणं सुरू झालं. दुसऱ्या ओळीला त्याचा बास घसरला. बँडमधल्या गाणाऱ्या पोरीने मान वळवली. तो चाचपडत राहिला. संपलं, त्याला वाटलं.

त्याने ड्रमकडे पाहिलं. चंद्रहासची नजर त्याच्या उघड्या पायांवर होती. पुढच्याच क्षणी पोराने उजवा हात पथकातल्यासारखा डोक्याच्याही वर उचलला आणि नेमका पहिल्या ठोक्यावर दणकन आणला. परत उचलला, परत आणला. ती रिकामी जागा त्याने प्रत्येक आवर्तनात भरून टाकली. एव्हर्टनने त्या हातावर डोळे रोवले आणि बोटं जागेवर आली. शेवटपर्यंत बास हलला नाही.

टाळ्या वाजत असाव्यात, लोकांचे हात हलत होते. एव्हर्टनला हायसं वाटलं, आणि त्याहून जास्त लाज वाटली.

चंद्रहास अगदी समोर येऊन उभा राहिला आणि ओठ स्पष्ट हलवत सावकाश म्हणाला, "सॉरी काका. आज सगळे पहिले ठोके पडले."

"हो. ऐकले मी," एव्हर्टन म्हणाला.

"नो वरीज. पुढच्या शनिवारी डेकवर बसू."

एव्हर्टन खाली बसून बूट घालू लागला. नाड्या बांधून होईपर्यंत चंद्रहास त्याचा बास हातात धरून उभा राहिला.