लग्नतिथीची पाळी

"घ्या नं मुकादम. कायले लाजता?" धावजी नाईकांनी सुपारी पुढे केली आणि बापूजींनी ती घेतली. घेतल्यावर लक्षात आलं, आपण काय करून बसलो. बंजाऱ्यांच्या तांड्याचा प्रमुख म्हणजे नाईक, आणि त्याच्या हातची सुपारी घेणं म्हणजे नुसतं लग्नाचं आमंत्रण घेणं नव्हे. त्या तिथीला तांड्याचा एकही माणूस कामावर अडवणार नाही, असा शब्द देणं.

आणि आर्णीच्या त्या जिनिंगात खरी कामाची माणसं तांड्याचीच. इंजिनावर अमरसिंग आणि रेच्यांजवळ लांब बांबू घेऊन उभा असणारा किसनसिंग. कापसातून सरकी वेगळी करणारे ते रेचे एकाच लांब दांड्यावर पट्ट्यांनी फिरत. कुणाचं काही अडकलं तर किसनसिंग बांबूने त्या रेच्याचा पट्टा उतरवी आणि अमरसिंग इंजिन बंद करी. हे दोघं आहेत म्हणून बाया निर्धास्तपणे कापूस घालत.

बापूजी दिवाणजींकडे गेले. घनश्याम दिवाणजी ट्रंकेला दोरी बांधत होते.

"लग्नाच्या दिवशी जिनिंग बंद ठेवू म्हनतो मी," बापूजी म्हणाले. "मानसंच नाईत."

"मले काय इचारता? मालकाले इचारा."

"मालक तं चिखलदऱ्याले गेलते नं?"

"हवा खाऊन आले का इचारा मंग." दिवाणजींनी गाठ मारली. "मिरगाच्या आत कापसाचा ढीग संपला पायजे, एवढंच मले सांगून गेले. अन् मी बी पोराबाळांले घेऊन सासुरवाडीले चाललो. सुट्या तुमीच देल्या, आता तुमीच निस्तरा."

नाव सोनूबाई आणि हाती कथलाचा वाळा, तशी बापूजींची मुकादमी. रजा देण्याचा अधिकार त्यांना होता, इंजिन थांबवण्याचा नव्हता. सुपारी परत करावी तर शब्द जातो, ढीग राहिला तर नोकरी जाते. इकडे आड, तिकडे विहीर. शेवटी त्यांनी मधला मार्ग काढला, आणि मधले मार्ग नेहमी गरिबाच्या घरावरूनच जातात. दोनच रेचे चालवायचे, दोनच बाया बसवायच्या, इंजिन आपण बघायचं आणि मधूनमधून रेच्यांकडे येऊन जायचं.

त्या दिवशी शकुबाई आणि वच्छलाबाई आल्या. शकुबाई बापूजींच्या गावची सून, म्हणून त्यांना मामाजी म्हणायची. ऊन असं की पत्र्याखाली उभं राहवत नव्हतं. मागच्या उन्हाळ्यात तिथंच एक बाई लू लागून पडली होती, आणि बापूजींच्या मनात सकाळपासून तेवढीच एक भीती होती.

"पदर ओले करा अन् डोक्यावर घ्या," त्यांनी दोघींना सांगितलं. "सुकला का पुन्हा भिजवा. आज मी एकटाच हावो, कोनी पडलं तं उचलाले बी मानूस नाई."

"किती जीव लावता मामाजी," शकुबाई हसून म्हणाली आणि तिने अख्खा पदर रांजणात बुडवला.

रोज कोरडा पदर कमरेला घट्ट खोचलेला असायचा. ओला पदर डोक्यावर घेतला आणि तो जड झाला. ती कापूस घालायला वाकली तसा तो घसरून रेच्याच्या तोंडाशी गेला. तिने तो ओढायला हात घातला.

बापूजी तेव्हा नेमके तिथेच होते, इंजिनापाशी नव्हते. त्यांनी किसनसिंगचा बांबू उचलला. रोज बघितलेलं काम ते, पण पट्टा काही उतरेना. बांबू टाकून ते आवार ओलांडत इंजिनघराकडे धावले. मागे वच्छलाबाई ओरडत होती. शकुबाईचा आवाज येत नव्हता.

त्यांनी इंजिन बंद केलं. पण इंजिनाचं मोठं चाक बंद केल्याबरोबर थांबत नाही. ते आपल्याच जोराने फिरत राहतं. बापूजी त्याच्यासमोर दोन्ही हात खाली सोडून उभे राहिले. करण्यासारखं काही उरलं नव्हतं. ते चाक थांबेपर्यंत बघत राहणं, एवढंच त्यांच्या हाती होतं.

तांडा लग्नाहून परतला आणि दुसऱ्या दिवशी सगळे रेचे पुन्हा सुरू झाले. शकुबाईच्या जागी इंदूबाई बसली. बापूजींना कुणी काही बोललं नाही. बोललं असतं तर बरं झालं असतं, असं त्यांना वाटे.

पुढच्या बाजारच्या दिवशी ते मोटारीने यवतमाळच्या दवाखान्यात गेले. वाटेत त्यांनी शब्द जुळवून ठेवले होते. बाई, चूक माही हाय, असं म्हणायचं आणि तिचे पाय धरायचे.

शकुबाई खाटेवर बसली होती. उजवा हात कोपरापासून नव्हता. त्यांना दारात पाहताच ती सावरून बसली.

"मामाजी? एवढ्या उनाचे कायले आले तुमी?"

बोलताबोलता ती डाव्या हाताने डोक्यावर पदर घ्यायला लागली. सासऱ्याच्या नात्याचा माणूस समोर, बोडख्या डोक्याने कसं बसायचं? पदर डोक्यावर आला आणि घसरला. तिने पुन्हा ओढला. एका बाजूने बसला, की दुसरीकडून सुटे.

बापूजींचे दोन्ही हात धडधाकट होते. पण दुसऱ्याच्या सुनेच्या पदराला हात लावायचा कसा?

ते भिंतीकडे तोंड करून उभे राहिले.

"होऊ दे बाई," ते म्हणाले, "मले काही घाई नाई."