कपाळ सैल सोडा

डोळ्यांवर ठेवायला दिलेली ती इवलीशी उशी... आत कसलेसे दाणे, वर जांभळं सॅटिन, आणि आधीच्या कुणाच्या तरी केसांच्या तेलाचा वास... शी! स्टेनोबाईनं ती दोन बोटांत धरून चटईच्या कडेला सारली. न्यायालयातल्या डोकेदुखीवाल्यांना मोकळं करायला हे मऊ आवाजाचे सर आणले होते. दुपारच्या सुट्टीत, लायब्ररीच्या फरशीवर, सगळे ओळीनं उताणे. मोठे बाबू तर पहिल्याच श्वासाला घोरायला लागले. जन्मभर खुर्चीत झोपा काढलेल्या माणसाला कसला आलाय ताण!

"कपाळ सैल सोडा," सर म्हणाले. "जबडा सैल... सगळं आपोआप होतंय."

आपोआप! तुझ्या घरी होत असेल बाबा आपोआप. इथे साक्षीदार रडतो, वकील खेकसतो, आणि मी दात आवळून, चेहरा दगडाचा करून शब्दन् शब्द लिहून घेते, तेव्हा कुठे तुमचा न्याय होतो. पण गेल्या आठवड्यात कानशिलं ठणकत असताना एका बाईच्या जबानीतलं अख्खं वाक्य तिच्या हातून निसटलं होतं... न्यायाधीशसाहेब चष्म्यावरून बघत म्हणाले होते, "पुन्हा असं झालं, तर तुम्हाला रेकॉर्ड रूममध्ये बसवावं लागेल." रेकॉर्ड रूम म्हणजे जिवंतपणी गाडणंच की! म्हणून आली होती ती, नाहीतर या थोतांडाला कोण विचारतंय.

"आता खांदे..."

आणि तिच्या लक्षात आलं, तिचं बोट मांडीवर चालतंय. जबडा, आपोआप, खांदे... सरांचं सगळं बोलणं ती लघुलिपीत उतरवत होती. कधीपासून जडलं हे? जेवताना, भावजयीचे टोमणे खाताना, आईच्या उशाशी बसून... आईचं शेवटचं बोलणंसुद्धा तिनं ऐकलं नव्हतं, टिपून घेतलं होतं. तिनं पंजा उघडून फरशीवर पालथा टाकला. बोट जरा वळवळलं, मग पडून राहिलं.

कळ उतरली. खरंच उतरली मेली!

सर बोलत होते, बराच वेळ बोलत असावेत. काय म्हणाले? एक शब्द आठवेना. थोड्या वेळानं त्याच जबानीवाल्या बाईची उलटतपासणी होती, आणि हिला मात्र निसटलेल्या शब्दांचं काडीचंही वाईट वाटत नव्हतं. भीती वाटली ती त्याचीच.

"ताई, कसं वाटतंय?" सरांनी वाकून विचारलं.

"ढिम्म फरक नाही," ती फणकारली.

दात आवळले की सगळं परत येईल—कळ, टिपणारे कान, लिहिणारा हात, कोर्टातली खुर्ची—हे तिला पक्कं ठाऊक होतं. उठायचीही वेळ झाली होती. पण दात आवळावेसेच वाटेनात.