गिअरचं तेल बघायला दोन माणसं

एप्रिल लागला तशी माळावरची वस्ती उठायला लागली. थंडीभर वाळवंटातल्या क्वार्ट्झसाइट गावाच्या दक्षिणेला नजर जाईल तिथवर घरगाड्या उभ्या असत. आता रोज सकाळी कुणीतरी खुर्च्या घडी करी, कुत्र्याला आत घेई आणि हात हलवत उत्तरेची वाट धरी. लव्हॉन स्ट्रँड प्रत्येकाला हात करायची. 'मीही निघतेच आहे एक-दोन दिवसांत,' असं सांगायची. सांगता सांगता माळ रिकामा झाला आणि ती तिथंच राहिली.

तिचा नवरा मर्ल ऑगस्टमध्ये गेला. उत्तर डकोटातलं घर त्यांनी कधीच विकलं होतं, त्यामुळे ही जुनी घरगाडीच काय ते घर. हिवाळ्याच्या तोंडाशी मुलानं गाडी इथवर चालवत आणून दिली आणि तो विमानानं परत गेला. जाताना म्हणाला, हे धूड विकून टाक, आमच्याकडे ये. तिनं बघते म्हटलं. थंडीत शेजारपाजारचे लोक तिला पाणी आणून देत होते, म्हणून गाडी जागची हलली नव्हती. आता शेजारी गेले आणि टाकी तळाला गेली.

गाडी तिला चालवता येत होती. अडलं होतं ते गिअरच्या तेलापाशी. दर वसंतात निघण्याआधी मर्ल पुढचं झाकण उघडायचा आणि तिला आत बसवून ओरडायचा, "लव्हॉन, पाय ब्रेकवर ठेव. आता टाक एकेक." ती दांडा मागच्या गिअरपासून पुढच्यापर्यंत सगळ्या खाचांतून फिरवून परत जागेवर आणायची. झाकणाआड त्याचं डोकं दिसायचं नाही, फक्त टोपीचा गोंडा. मग तो झाकण आपटायचा, हात विजारीला पुसत यायचा आणि म्हणायचा, चल. इतकी वर्षं संसार केला, पण झाकणापलीकडे तो नेमकं काय बघतो हे तिनं कधी विचारलं नव्हतं. अर्धं काम तिला पाठ होतं. उरलेलं अर्धं तो बरोबर घेऊन गेला.

एका सकाळी मनाचा हिय्या करून तिनं स्वतःच झाकण उघडलं. तेल मोजायची लांबलचक पट्टी ओढून काढली, पुसली, परत घातली, परत काढली. लाल तेल वरच्या खुणेच्याही वर होतं. तिचा जीव भांड्यात पडला. उगाच इतके दिवस घाबरले असं वाटून तिनं गाडी सुरू केली आणि ती पाणी भरायला निघाली. नाल्यातून वर येणाऱ्या चढावर इंजिन नुसतं गुरगुरायला लागलं. गाडी पुढे जाईना. पाय दाबावा तसा आवाज वाढे, चाकं मात्र जड झाल्यासारखी. कशीबशी ती वर आली, वळली आणि पाणी न भरताच परत आपल्या जागेवर येऊन थांबली. इंजिन चालूच ठेवून स्टिअरिंगवर डोकं टेकून बसली. रडली नाही. रडायला कुणी ऐकणारं तरी हवं.

माळावर आता एकच माणूस उरला होता. थर्मन पेटी. काटेरी झुडपांच्या रांगेमागे त्याची पांढरी व्हॅन असे. माणूस सत्तरीचा, आडमुठा. कुणाशी बोलला तरी तोंडाकडे बघायचा नाही, बाजूला कुठेतरी बघून बोलायचा. थंडीत बाया म्हणायच्या, भारी गर्विष्ठ आहे. लव्हॉननंही तेच धरून ठेवलं होतं. पण आता इलाज नव्हता. तिनं इंजिन बंद केलं आणि ती चालत गेली.

त्यानं सगळं ऐकून घेतलं. पट्टी काढली तेव्हा इंजिन चालू होतं का, असं विचारलं. नव्हतं, असं ती म्हणाली.

"मग तुम्ही काहीच बघितलं नाहीत," तो बाजूला बघत म्हणाला. "इंजिन थांबलं की सगळं तेल खाली उतरून बसतं. पट्टी भरलेलीच दाखवणार. गाडी थोडी फिरवून गरम करा, सपाटीला लावा, चाकांना ठोकळे घाला. मी येतो."

तो आला. ती सवयीनं आत चढायला लागली, तसा तो दारातच तिच्या आधी चढला आणि चालकाच्या जागेवर बसला.

"मी दांडा फिरवतो. तुम्ही पट्टी बघा."

"मला नाही कळत ते. तुम्ही बघा, मी फिरवते. माझं काम तेच आहे."

त्यानं दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवले.

"मला दिसत नाही, बाई," तो म्हणाला. "कडेकडेचं दिसतं. मधलं गेलं सगळं. तुमचं तोंड बघायचं तर मला तुमच्या कानाकडे बघावं लागतं."

लव्हॉन खाली उतरली आणि झाकणापाशी गेली. इंजिनाची धग तोंडावर येत होती. आतून दांड्याचे खट्खट् आवाज ऐकू आले, प्रत्येक खाचेला गाडीला छोटासा हिसका बसला. तिनं पट्टी काढली, पुसली, घातली, काढली. तेल खालच्या खुणेलाही टेकलं नव्हतं, नुसतं टोक ओलं. तिनं पट्टी त्याच्या नाकापाशी नेली. त्यानं बोटानं तेल चोळलं, वास घेतला. जळलेलं नाही, म्हणाला, नुसतं कमी आहे. मर्लनं पलंगाखाली डबे ठेवलेले होते. लांब नरसाळं लावून ती थोडं थोडं ओतत गेली, तो दांडा फिरवत राहिला, ती पुन्हा बघत राहिली. खुणांच्या मध्ये येईपर्यंत दुपार झाली.

मग तिनं त्याला सूप गरम करून दिलं. खाताना त्यानं उरलेलं सांगितलं. शरदात तो इथवर आला तो पुढच्या ट्रकच्या मागे मागे, रस्त्याची पांढरी रेघ धरून. आता रेघही दिसत नव्हती. कुणाला कळलं तर लायसन्स जाणार, व्हॅन जाणार, आणि व्हॅनखेरीज त्याचं असं काही नव्हतं. बायको कधीच सोडून गेली होती, मूलबाळ नव्हतं. उन्हाळा तो नाल्याच्या वरच्या अंगाला दडून काढणार होता.

"इथे? जुलैत?" ती म्हणाली. "भाजून निघाल."

"बघू."

माझ्याबरोबर मुलाकडे चला, असं ती म्हणाली. म्हणताना तिची तिलाच भीती वाटली, पण म्हणाली. तो हसला. तिकडे येऊन मी काय करू, म्हणाला, आणि तुमच्या मुलाला काय सांगाल, वाळवंटात सापडला? मग गंभीर झाला.

"कुणाला सांगू नका. तेवढं करा माझ्यासाठी."

लव्हॉन काही बोलली नाही. मानही हलवली नाही. तिनं मान हलवली असेल असं समजून त्यानं वाटी खाली ठेवली, आभार मानले आणि झुडपांच्या कडेकडेनं हात पुढे धरून तो निघून गेला.

दुसऱ्या दिवशी ती निघाली. नाल्याचा चढ गाडी सहज चढली. माळाच्या तोंडाशी जोलीनचा ट्रेलर होता. वस्तीवर लक्ष ठेवायचं काम ती करायची. लव्हॉननं गाडी तिथं थांबवली आणि कितीतरी वेळ नुसती बसून राहिली. न सांगता गेलं तर तो आपला माणूस राहील, सांगितलं तर राहणार नाही, एवढं तिला कळत होतं. मग ती उतरली आणि तिनं जोलीनला सगळं सांगितलं. व्हॅन कुठे आहे, त्याला काय दिसतं, काय नाही. त्याला द्यायला आपला फोन नंबरही लिहून ठेवला. जोलीननं जवळच्या युमा शहरातल्या सरकारी कचेरीला फोन लावला. त्याला आणि त्याच्या व्हॅनला न्यायला माणसं येईपर्यंत लव्हॉन थांबली नाही. तेवढं धैर्य तिच्यात नव्हतं.

जूनमध्ये, डकोटात मुलाकडे असताना, एका दुपारी तिचा फोन वाजला.

"तुम्हीच सांगितलंत ना?" थर्मनचा आवाज.

"हो."

पलीकडे टीव्हीचा आवाज येत होता. त्याला युमात म्हाताऱ्यांच्या इमारतीत एक खोली मिळाली होती. डॉक्टर म्हणाले, डोळ्यांचं गेलं ते गेलं. व्हॅन कुणीतरी नेली. जेवणाला चव नाही, आणि शेजारचा माणूस दिवसभर स्वतःशीच बोलतो.

"तुम्हाला माफ केलंय असं समजू नका," तो म्हणाला.

"नाही समजत."

"पण दुसऱ्या कुणाचा नंबर नव्हता माझ्याकडे."

नोव्हेंबरमध्ये गाडी घेऊन खाली माळावर येईन तेव्हा युमालाही येईन, असं तिनं सांगितलं. नोव्हेंबर लांब आहे, असं तो म्हणाला. लांब आहे खरा, ती म्हणाली. फोन मात्र कुणीच ठेवला नाही.