पाठीवरचा पांढरा ठिपका

ब्रह्मपुरीच्या कॉलेजात मी किडे शिकवतो, म्हणून सगळा तालुका मला माश्यांचे फोटो पाठवतो. माशी ओळखायला पंखांवरच्या शिरा दिसाव्या लागतात, हे शंभरदा सांगूनही लोक तिचा नुसता चेहरा पाठवतात, जणू तिचं आधार कार्ड काढायचं आहे.

जवळच्या गावात धानाची शेती करणाऱ्या इंदुताईंचा फोटो मात्र लख्ख होता. धानाच्या बांधावर काडीवर बसलेली शिकारी माशी, आणि पाठीवर पांढराशुभ्र ठिपका! असा ठिपका एकाही पुस्तकात नव्हता. आठ दिवस मी जेवतानासुद्धा भिंग सोडलं नाही. नव्या जातीला नावही ठरवलं, अर्थात माझंच.

शेवटी ताईंना फोन केला. "ताई, तो ठिपका नीट पाहिलात का?"

"पाहाचं काय त्यात? चुना हाय तो. मीच लावला."

"माशीला? कशाला?"

"रोज त्याच काडीवर बसे. तेच हाय का दुसरी, कसं कळन? कोंबड्यांले नाई का आपण रंग लावत, शेजारणीच्या कोंबड्यांत मिसळू नये म्हणून? सकाळी गारठून बसली होती, लावून देला."

मी हातातलं भिंग खाली ठेवलं.

"तेच हाय, सर. आठ दिवस झाले, रोज येते. मले तं ओळखू आली. तुमचं काय झालं?"