राणी उडाली, बोल्टे थिजला

गेल्या हिवाळ्यात बोल्टेच्या आठ मधपेट्यांपैकी सात गोचिडीनं खाल्ल्या. गोचीड म्हणजे टाचणीच्या डोक्याएवढा तांबडा किडा. माशीला चिकटला की अख्खं घराणं बसवतो. आठवी पेटी वाचली, कारण तिथल्या माश्या गोचीड धरून सरळ तिचे पाय कुरतडायच्या. त्या वाणाची आता एकच तरुण राणी उरली होती, आणि तिनं अजून एक अंडंही घातलेलं नव्हतं.

शहाणा माणूस तिला दोन दिवस हात लावत नाही. पण बोल्टेला राहवेना. तीन वर्षांपूर्वी बायको गेली, आणि माणसाशी शेवटचं बोलणं झालं त्याला दहा दिवस झाले होते, तेही पावाबद्दल. त्यानं पोळं उजेडात आणलं, राणीला चिमटीत धरलं, पाठीवर खुणेचा ठिपका द्यायला बायकोचं लाल नेलपॉलिश उघडलं.

राणी भुर्रकन उडाली.

बोल्टे जागीच थिजला. बापानं शिकवलंच होतं, "राणी उडाली की खांब व्हायचं. ती तुझीच खूण धरून परत येते. तू हललास की खूण हलली."

एका हातात पोळं, दुसऱ्या हातात नेलपॉलिशचा ब्रश, असा तो उभा राहिला.

एरवी फाटकावरून पत्र भिरकावून जाणारी पोस्टवाली झोफका आज नेमकी थांबली.

"बोल्टेकाका, नखं रंगवताय होय? कुणासाठी?"

"आ... ई... उआई," बोल्टे ओठ न हलवता पुटपुटला.

"अगं बाई! तोंड वाकडं झालं!"

तिच्या फोनवर पंधरा मिनिटांत भोंगा वाजवत गावचे अग्निशमनवाले स्ट्रेचर घेऊन आले. मागून अर्धं गाव. कुणी खुर्ची आणली, कुणी घोंगडी. पलीकडच्या टेकडीवरचा मधपाळ सिरिल तर धापा टाकत आला.

"बोल्ट्या, असा जाऊ नकोस रे! आपलं कुंपणाचं भांडण अर्धं राहिलंय!"

बोल्टेला आतून गुदगुल्या होत होत्या. एवढी विचारपूस लग्नातसुद्धा झाली नव्हती. पण दोघांनी त्याला स्ट्रेचरवर घ्यायला बगलेत हात घातले. आता खूण हलणार!

तेवढ्यात सिरिलला हातातलं पोळं दिसलं.

"थांबा! मेला नाही तो, राणी उडालीये त्याची! कुणी हलू नका!"

आणि अख्खी बाग पुतळ्यांची झाली. स्ट्रेचर अर्ध्यात, घोंगडी हवेत, झोफकाचा हात तोंडावर. चर्चची घंटा वाजली, तरी कुणी छातीवर क्रूसाची खूण केली नाही. वीस मिनिटं बोल्टेच्या बगलेत दोन माणसांचे ऊबदार हात होते.

राणी आली आणि बोल्टेच्या टोपीवर बसली. सिरिलनं धरली, बोल्टेनं ठिपका दिला, टाळ्या पडल्या. मग प्लमच्या दारूचा एकेक घोट.

"मरायचं नव्हतं तर आधी सांगायचं ना!" म्हणत सगळे पांगले. सिरिल मात्र फाटकाशी घुटमळला. "हिला लेकी झाल्या तर एक राणी मला दे रे," म्हणाला आणि गेला.

दुसऱ्या दिवशी पेटी बंद होती, राणी आत सुखरूप. बोल्टे सकाळपासून त्याच जागी ब्रश धरून उभा.

दुपारी झोफका आली.

"काका, आज पण उडाली?"

बोल्टे हलला नाही.

"काल बघितलं की," म्हणत तिनं विजेचं बिल फाटकावरून भिरकावलं.